बिजलीबहाद्दर आणि लेडीज सायकल

निर्मलाने तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ‘अल्पबचत : काळाची गरज’ या विषयावर पहिला नंबर मारला आणि त्या दिवसापासून तिच्या घराच्या अर्थव्यवस्थेला उतरती कळा लागली.

तोवर सगळं सुरळीत होतं. तिचे वडील श्यामराव चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत टाइम ऑफिसात कारकून होते. कोण किती वाजता खाली उतरलं आणि किती वाजता वर आलं हे लिहून ठेवायचं. म्हणजे चित्रगुप्ताचंच काम, फक्त पगारी. आई चंद्रकला दिवसातून चार वेळा खाणीची काळी धूळ झाडायची आणि धूळ दिवसातून पाच वेळा परत यायची. अशा या समतोल घरात बक्षिसाची लाकडी ढाल आली, रेडिओच्या बाजूला भिंतीला टेकून उभी राहिली, आणि श्यामराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, “पैशाच्या बाबतीत आता आम्ही निर्मलालेच विचारतो.”

हे त्यांनी कौतुकाने म्हटलं होतं. निर्मलाने ते नेमणूकपत्र समजून घेतलं.

वय पंधरा, इयत्ता नववी. भाषणाच्या आधी ही मुलगी वर्गात ‘हजर’ म्हणताना सुद्धा बाकाखाली पाहायची. भाषणानंतर ती भाजीवालीशी बोलताना सुद्धा ‘अध्यक्ष महोदय’ म्हणते की काय, अशी भीती वाटायची.

आता पैशाचं म्हणाल तर पोस्टात निर्मलाच्या नावाचं एक पासबुक होतं. ओवाळणी, बोनस, मावशीने हातावर ठेवलेली नोट, असं करत करत चार वर्षांत त्यात जे साठलं होतं त्याचं बारसं केव्हाच झालेलं होतं. नाव ठेवलं होतं ‘लेडीज सायकल’. कारण चिखल्याच्या वसाहतीतली शाळा सातवीला संपायची आणि पुढचं हायस्कूल होतं नाकाडोंगरीला. निर्मला आणि शेजारची पंचफुला दोघी रोज पायी निघायच्या आणि मागून तुलाराम ड्रायव्हरचा ट्रक आला तर मॅंगनीजच्या ढिगाऱ्यावर बसून शाळेत जायच्या. उतरल्या की दोघींचे गणवेश एकाच रंगाचे दिसायचे, पण तो शाळेने ठरवलेला रंग नव्हता. त्यात त्या पावसाळ्यात कंपनीची नोटीस लागली की ट्रकवर विद्यार्थी बसवायचे नाहीत. आणि हेडमास्तरांनी जाहीर केलं की दहावीचा जादा तास पुढच्या जूनपासून सकाळी सातला भरेल, ज्याला जमणार नाही त्याने बोर्डाच्या परीक्षेत देवावर भरवसा ठेवावा.

म्हणजे सायकल ही आता हौस राहिली नव्हती. दहावी हवी तर सायकल हवी. दिवाळीला घ्यायची असं नक्कीही झालं होतं.

आणि मग फुटाण्याची पुडी आली.

बाजाराच्या दिवशी घेतलेले फुटाणे संपल्यावर पुडीचा कागद वाचायचा ही निर्मलाची जुनी सवय. कागद रविवारच्या पुरवणीचा होता. त्यात बातमी होती की परदेशात एका माणसाने चित्रकथेच्या मासिकाचा पहिला अंक विकून बंगला घेतला. लहानपणी चार आण्याला घेतलेला अंक! पुढे लिहिलं होतं की अशा अंकांना एवढी किंमत येण्याचं कारण म्हणजे बाकी सगळ्यांच्या आयांनी आपल्या मुलांचे अंक रद्दीत घातले, त्यामुळे उरले ते सोन्याच्या भावाचे झाले. शेवटचं वाक्य होतं, ‘मात्र अट एकच, की अशा अंकावर’... आणि तिथे फुटाणेवालीने कागद फाडला होता.

“अंकावर का?” पंचफुलाने विचारलं. दोघी शाळेतून परत येत होत्या.

“अंकावर विश्वास पाहिजे, असं असन,” निर्मला म्हणाली. “पुढचं महत्त्वाचं नाही.”

पंचफुला ही आनंदरावांची मुलगी. आनंदराव खाणीत इलेक्ट्रिशियन होते, त्यामुळे कोणती तार कुठे जाते हे पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही, ही रीत त्या घरात होती. ती म्हणाली, “फाटल्या कागदावर तू सायकल लावून राहिली का?”

“सायकल जुनी झाली का तिची किंमत कमी होते. चित्रकथा जुनी झाली का वाढते. मंग शहाणा माणूस का घेईन?”

“शहाण्या माणसाले नाकाडोंगरीले जा लागते का रोज?”

हा मुद्दा निर्मलाने विषयांतर म्हणून फेटाळला.

घरच्या सभेत ठराव मंजूर व्हायला फार वेळ लागला नाही. चंद्रकला म्हणाली, “अवं, कागदावर कोणी पैसे लावते का?” त्यावर निर्मलाने विचारलं, “आई, नोट कायची असते?” श्यामराव हसले आणि तिथेच हरले. ज्या मुलीची ढाल रेडिओच्या बाजूला उभी आहे तिला पैशाचं कळत नाही असं म्हणणं म्हणजे तालुक्याच्या परीक्षकांचा अपमान. ते एवढंच म्हणाले, “पण जून महिन्याचं का करशील?”

“जूनले खूप दिवस आहेत बाबा,” निर्मला म्हणाली. सगळे मोठे भांडवलदार असंच बोलत असावेत, असा तिचा सूर होता.

पैसे काढायला ती पोस्टात गेली. पोस्टमास्तर केशवराव फार सज्जन गृहस्थ होते आणि सज्जनपणा ते कधी नियमाच्या आड येऊ देत नसत. निर्मलाने फॉर्मवर सही केली. वक्तृत्वानंतर तिने सही नवी घेतली होती. तिच्यातला ‘नि’ मागे वळून सगळ्या नावावरून मांडवासारखा जायचा आणि शेवटी खाली दोन टिंबं, एक आपलं आणि एक उगीच. केशवरावांनी चष्मा काढला, पुसला, लावला, खात्याचं जुनं कार्ड काढलं. त्यावर अकरा वर्षांच्या निर्मलाने मुंगीच्या पायांसारखी अक्षरं काढून ठेवली होती.

“ही सही तुझी नोहे,” केशवराव म्हणाले.

“माझीच आहे काका. तुम्ही मला ओळखता!”

“मी ओळखतो. खातं नाही ओळखत. ही सही मोठ्या बाईची आहे आन् पैसे लहान पोरीचे आहेत. त्या पोरीले पाठव.”

तीन फॉर्म फुकट गेले. तालुक्यात पहिली आलेली मुलगी पोस्टाच्या बाकावर बसून लहान व्हायचा प्रयत्न करत होती, आणि रांगेतली पेन्शनवाली म्हातारी मंडळी तिला सूचना करत होती. “हात ढिला सोड.” “पेन मुठीत धर.” शेवटी पंचफुलाला आठवलं, “निर्मला, तवा लिहितानी तुही जीभ बाहेर येत होती.” निर्मलाने चारचौघांत जीभ बाहेर काढली. सही पहिल्या झटक्यात जुळली. केशवरावांनी नोटा मोजून दिल्या आणि म्हणाले, “आता ठीक आहे. जीभ आत घे बेटा.”

थोर कार्यात असे अपमान होतातच, असं निर्मलाने घरी येईपर्यंत स्वतःला अकरा वेळा सांगितलं.

आता माल. खाणीच्या ऑफिसर क्लबात कॅरम ठेवायला जागा हवी म्हणून तिथल्या वाचनालयातली एक पत्र्याची पेटी कवडू रद्दीवाल्याला दिली गेली होती. कवडूच्या अंगणात निर्मलाने पेटी उघडली तर आत ‘बिजलीबहाद्दर’चे अंक, एकावर एक, सतरा-अठरा वर्षांपूर्वीपासूनचे. हातातून वीज सोडणारा हा वीरपुरुष. ज्या वसाहतीत दिवेलागणीलाच दिवे जातात तिथे अशा माणसाला भाव येणारच.

“वजनानं देतो बाई,” कवडू म्हणाला. “रद्दीच्या वरतं थोडेसे देजा.”

व्यवहार इथे संपला असता. पण निर्मलाच्या हाताला तळाशी काहीतरी लागलं आणि ती ओरडली, “पंचफुला! अंक पहिला! एक नाही, दोन दोन!”

पंचफुलाने तिला चिमटा काढला, पण बाण सुटून गेला होता. कवडूने तराजू हळूच मागे सरकवला. “नगावर हाय हे,” तो म्हणाला. “वजनाचं मी पेटीचं बोललो होतो. पेटी वजनानं.”

अशा रीतीने लेडीज सायकलचं पुढचं चाक, मागचं चाक, सीट आणि घंटी कवडूच्या बंडीत गेली. उरल्या पैशांत पेटीला कुलूप आलं.

पेटी दोघींनी मिळून घरी आणली. रस्त्यात निर्मला थबकली. पहिले अंक दोन म्हणजे दुर्मिळपणा अर्धा झाला! शास्त्राप्रमाणे एक नष्ट करायला हवा होता. तिने काडेपेटी आणायचा विचार पंचफुलाला बोलून दाखवला.

“जाळू नोको,” पंचफुला हाताचे वळ पाहत म्हणाली. “पेटी उचलून उचलून हात गेले माहे. मजुरी म्हणून मले दे. आमच्या घरी गेला का नष्ट झालाच समज.”

आणि खरंच तसं झालं. पंचफुलाने घरी नेऊन त्या अंकाच्या पानापानात आपल्या धुतलेल्या रिबिनी ठेवल्या आणि अंक गादीखाली सारला. सकाळी रिबिनी इस्त्री केल्यासारख्या निघाल्या. बिजलीबहाद्दरच्या हातून झालेलं हे बहुधा पहिलंच उपयोगी काम.

इकडे निर्मलाच्या घरी पेटीभोवती राज्य उभं राहिलं. वाचायचं नाही. हात धुतल्याशिवाय उघडायचं नाही. तिने स्वतः एकही अंक वाचला नाही, कारण संपत्ती ही वाचायची गोष्ट नसते. कोपऱ्यावरच्या क्वार्टरातल्या शकुनबाई पहिल्याच दिवशी पाहायला आल्या. त्यांच्या पाहण्यात सल्ला असायचा, जसा पोह्यात कांदा असतो.

“कडुनिंबाचा पाला टाक. आमच्या सानगडीले धानाच्या कोठीत टाकतात.”

निर्मलाने पाला टाकला. पाल्यासोबत मुंग्या आल्या. शकुनबाई म्हणाल्या, मुंग्यांवर हळद. हळदीने पेटीचा रंग गेला. मग तंबाखू. तंबाखूने झुरळं गेली आणि श्यामरावांना दिवसभर पान खावंसं वाटू लागलं. मग डांबरगोळ्या. त्यानंतर घरातला भातसुद्धा डांबरगोळीसारखा लागू लागला आणि चंद्रकलेने जेवताना नाकाला पदर लावला, जो तिने सासूसमोरही कधी लावला नव्हता.

पण खरं संकट वेगळंच होतं. शकुनबाईंना कळलं म्हणजे वसाहतीला कळलं. महिन्याभरात चिखल्यात एकाही घरातून रद्दी निघेना. कोणाकडे पेटीत, कोणाकडे माळ्यावर, कोणाकडे पिठाच्या डब्यात चित्रकथा जाऊन बसल्या. ज्यांच्याकडे नव्हत्या ते विकत घेऊ लागले. कवडूची बंडी सकाळी रिकामी जायची आणि रिकामी यायची. मग तो तुमसरहून जुने अंक आणून पगाराच्या दिवशी गेटवर विकू लागला. रद्दी घेणारा माणूस रद्दी विकू लागला! शकुनबाईंनी तर बिजलीबहाद्दर मिळेना म्हणून पशुखाद्याचं एक सचित्र पत्रक घेऊन ठेवलं. “गायीचं चित्र हाय. लक्ष्मीच होय,” त्या म्हणाल्या.

निर्मला हिशेब मांडायला बसली. तिची सगळी संपत्ती एका गोष्टीवर उभी होती, ती म्हणजे बाकीच्या आयांनी अंक फेकणं. आणि इथे एकही आई काही फेकत नव्हती. चाळीस वर्षांनी प्रत्येक घरात अंक निघाला तर तिच्या अंकाला कोण विचारणार?

मग अल्पबचतीची विजेती घरोघर हिंडू लागली. “मावशी, जुनं कायले ठेवता? घरात जागा होईन. उद्याची चिंता नका करू. आज आहे त्यात आनंद माना!” हातवारे तेच, आवाजातले चढउतार तेच, फक्त मजकूर उलटा.

शकुनबाईंनी दारातच कमरेवर हात ठेवले. “शिल्ड कायची भेटली होती वं तुले? बचतीची न?”

“हो मावशी.”

“मंग वापस दे.”

निर्मला घरी आली आणि प्रथमच ढालीकडे न पाहता आत गेली.

श्यामराव भला माणूस. त्यांनी दोन दिवस वाट पाहिली आणि जेवताना हळूच म्हणाले, “शकुनबाईचे मालक पेटी मागून राहिले. सायकलीच्या वरतं देतो म्हणतात. देऊन टाकू का?”

पाहा, दैव स्वतः ताटाजवळ येऊन बसलं होतं. पण आजवर ज्याने ज्याने विकलं नाही त्याचाच बंगला झाला, हे निर्मलाच्या डोक्यात पक्कं होतं. “बाबा, आज सायकलीएवढे देतात, उद्या मोटारीएवढे देतील.”

“अन् जूनमध्ये सात वाजता तू कशानं जाशील? बिजलीबहाद्दरच्या खांद्यावर बसून?”

निर्मलाने भात कालवायला घेतला. तिला त्या आठवड्यात तीनदा उशीर झाला होता. तिन्ही वेळा प्रार्थना संपेपर्यंत गेटबाहेर उभी होती, आणि ‘भारत माझा देश आहे’ ही प्रतिज्ञा बाहेरून म्हणताना परदेशात असल्यासारखं वाटलं होतं. पण एवढ्याशावरून हार मानली तर ती निर्मला कसली?

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला चौरंगावर दरवर्षी काय काय मांडतात ते चंद्रकलेला पाठ होतं. नवी केरसुणी, मीठ, श्यामरावांच्या पगारातली एक कोरी नोट आणि निर्मलाचं पासबुक. यंदा तिने पासबुक उघडून पाहिलं आणि मिटलं.

“याच्यात त काहीच नाही. घरातलं धन पेटीत आहे, त पूजा पेटीचीच न?”

निर्मलाने लगेच किल्ली आणली. ज्या आईने कागदाला नावं ठेवली तीच आज कागदाला लक्ष्मी म्हणत होती! तिने हात धुतले, कुलूप उघडलं, एकेक अंक काढून चौरंगाभोवती गोल मांडला, आणि चंद्रकलेने पाण्यात कालवलेल्या कुंकवात बोट बुडवलं. “तूच लाव,” आई म्हणाली. “तुही कमाई आहे.”

निर्मलाने लावलं. प्रत्येक मुखपृष्ठावर, बिजलीबहाद्दरच्या बरोबर कपाळाच्या मधोमध, अनामिकेने, एक ठसठशीत टिळा. वर हळद, वर अक्षता. पहिल्या अंकावर जरा जास्तच, तो घरातला वडीलधारा. फराळाला आलेली पंचफुला चकली खात उभी होती. त्यांच्या घरी लक्ष्मीपूजन नव्हतं. आनंदरावांच्या घराने धम्मदीक्षा घेतली तेव्हापासूनच नव्हतं.

“ह्याच्या डोक्यात आधीच वीज हाय,” ती म्हणाली. “वरतून ओलं काहून लावून राहिली? शॉक बसन न.”

“तुला नाही समजणार,” निर्मला मायेने म्हणाली.

त्या संध्याकाळी वसाहतीतल्या बहुतेक घरी हेच चाललं होतं. शकुनबाईंनी तर गायीच्या चारही खुरांना कुंकू लावून मधे स्वस्तिक काढलं.

भाऊबीज उलटून आठवडा झाला नसेल, खाणीत नवे असिस्टंट मॅनेजर साहेब रुजू झाले. जबलपूरचे, एकटे, चष्म्याचे. टाइम ऑफिसात पहिल्याच दिवशी त्यांना श्यामरावांच्या टेबलाखाली कवडूने दिलेला एक फाटका बिजलीबहाद्दर दिसला. मापाचा होता म्हणून श्यामरावांनी तो टेबलाच्या लंगड्या पायाखाली घातला होता. साहेब कारकुनासमोर गुडघ्यावर बसले. “श्यामरावजी, ये कहाँ मिला आपको?” त्यांच्याकडे पूर्ण संच होता. दुसऱ्या अंकापासून. पहिला त्यांना अठरा वर्षांत कुठे मिळाला नव्हता. मिळेल त्या किमतीला ते घेणार होते.

श्यामराव सुट्टीचा भोंगा व्हायच्या आधी घरी पोचले. स्वतःच्या वेळेची नोंद त्यांनी आयुष्यात प्रथमच चुकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या बंगल्यासमोर रांग होती. पुढे निर्मला, नवी ओढणी, दोन वेण्या. तिच्या मागे पेटी धरून श्यामराव, त्यांच्या मागे पिशव्या, डबे आणि बोचकी घेऊन अर्धी वसाहत, आणि गायीचं पत्रक घेऊन शकुनबाई, “गायीलेही कोणी ना कोणी शोधतच असन,” म्हणत. पंचफुला रिकाम्या हाताने, मजा पाहायला.

साहेबांनी पेटी व्हरांड्यात टेबलावर घेतली. हातात पांढरे मोजे घातले. निर्मलाने वडिलांकडे पाहिलं: बघा, मोजे! त्यांनी पहिला अंक काढला. चेहरा फुलला. आणि पुढच्या क्षणाला फ्यूज गेल्यासारखा विझला.

“ये क्या है?”

“कुंकू, साहेब,” निर्मला अभिमानाने म्हणाली. “हमारा धन है न. धन को लगाते है.”

साहेबांनी दुसरा काढला, तिसरा काढला, दहावा काढला. प्रत्येक बिजलीबहाद्दर त्यांच्याकडे नवऱ्या मुलासारखा पाहत होता. कुंकू खालच्या पानांतही उतरलं होतं. साहेब खुर्चीत बसले आणि दुखवट्याच्या आवाजात समजावून सांगू लागले. अशा अंकाची किंमत एकाच अटीवर असते. अंकावर डाग नको, सही नको, रेघ नको, बोटाचा ठसाही नको. दुकानातून आला तसाच हवा.

फुटाणेवालीने फाडून घेतलेलं वाक्य असं पूर्ण झालं. निर्मलाच्या मनात आलं की त्या तुकड्यात आणखी कोणाचे तरी फुटाणे बांधले गेले असतील, आणि त्या माणसाने सायकल घेतली असेल.

रांग मागून सुटू लागली. कोणी पिशवीचं तोंड बांधलं, कोणी डबा पदराआड घेतला. शकुनबाईंनी थुंकीने पदराचा शेव ओला करून गाय पुसायचा प्रयत्न केला, तेव्हा गाय आधी गुलाबी झाली आणि मग तिच्या पाठीतून पलीकडचं दिसू लागलं. “माहं वालं तरी पशुखाद्याचं होतं,” त्या निर्मलाकडे पाहत म्हणाल्या. “लोकाईले कोणी लावलं ह्या नादी?”

निर्मला तिथेच उभी होती. तालुक्याच्या मंचावर तिचा आवाज एकदाही कापला नव्हता. आता तिने तोंड उघडलं आणि ‘अध्यक्ष महोदय’च्या पुढे गाडी सरकेना. श्यामरावांनी पेटीचं झाकण लावलं. “चाल बेटा,” ते म्हणाले. “जूनपर्यंत पाहू काहीतरी.” त्यांनी रागावायला हवं होतं. ते रागावले नाहीत, म्हणून तिला फारच वाईट वाटलं.

“साहेब,” मागून आवाज आला. “रिबिनीचे डाग चालतात का?”

पंचफुला होती. साहेबांना प्रश्न कळायच्या आत ती पळाली, आणि परत आली तेव्हा तिच्या हातात गादीखालचा अंक होता आणि मागे सत्यभामाबाई, तिची आई, “अवं कार्टे, रिबिनी कुठी फेकल्या?” म्हणत येत होत्या. साहेबांनी मोजे पुन्हा घातले. अंक उघडला. ना कुंकू, ना धूळ, ना घडी. तीन महिने रोज माणसांच्या वजनाखाली दाबून निघालेला, सपाट, करकरीत. पानांतून एक शेवटची पांढरी रिबीन खाली पडली.

साहेबांनी एकेक पान शेवटपर्यंत तपासलं. मग म्हणाले, “बोलो बेटी. क्या लोगी?”

निर्मला भानावर आली. ती पंचफुलाच्या कानाशी लागली. “बंगला म्हण! निदान... थांब, आधी बंगला म्हण, मग आपण खाली येऊ.”

पण पंचफुला साहेबांकडे पाहतच नव्हती. ती व्हरांड्याच्या कोपऱ्यात पाहत होती. तिथे आधीच्या साहेबांच्या मुलीची एक लेडीज सायकल उभी होती. दोन्ही चाकांत हवा नाही, घंटी गंजलेली, आणि पुढच्या टोपलीत बंगल्यावरच्या कोंबडीने अंडं घातलेलं.

“ते सायकल,” पंचफुला म्हणाली.

“बस?”

पंचफुलाने टोपलीत डोकावून पाहिलं. “अंडं तुमी ठेवा.”

निर्मलाने कपाळावर हात मारला. गुंतवणुकीचं एवढंही ज्ञान नसलेल्या मुलीने एवढा मोठा सौदा मातीत घालावा! हे ती घरी येईपर्यंत बोलत होती. सायकल ढकलत. कारण ढकलायला पंचफुलाला यायचं नाही.

पेटीचं काय झालं म्हणाल तर कवडू आला आणि म्हणाला, वजनानं नेतो. निर्मलाने दिली नाही. तिने कुलूप काढून टाकलं, आणि वसाहतीतली पोरं ओट्यावर बसून हात न धुता वाचू लागली. तिने स्वतःही वाचले, आणि तिच्या लक्षात आलं की बिजलीबहाद्दर प्रत्येक अंकात शेवटी नुसता हात वर करतो आणि वीज पडते. ह्याच्यात कोणाला बंगला दिसला असेल?

जून आला. सकाळी सहाला नाकाडोंगरीच्या रस्त्याला एक लेडीज सायकल लागते. पायडल निर्मला मारते, कारण चालवायला तीच शिकली. दोन्ही दप्तरं मागे कॅरिअरवर पंचफुलाच्या मांडीवर. तुलारामचा ट्रक बाजूने जातो तेव्हा तो भोंगा वाजवतो आणि धूळ मात्र पूर्वीइतकीच देतो. जादा तासाला निर्मलाला अजून एकदाही उशीर झालेला नाही.

परवा हेडमास्तरांनी तिला बोलावून सांगितलं की यंदाही तालुक्याला तिनेच जायचं आहे. विषय तोच, अल्पबचत. निर्मला म्हणाली, विचार करून सांगते सर. सकाळी चढावर ती तोच विचार करत होती, घामाघूम, उभी राहून पायडल मारत.

“पंचफुला, चढ आहे. जरा उतर न.”

मागे पान उलटल्याचा आवाज आला. पंचफुला दुसरा अंक वाचत होती. कपाळावर टिळा असलेला.

“मी कायले उतरू?” ती म्हणाली. “माहा पैसा लागला हाय. तू मेहनत लाव.”